घरातली वीज वाचवायचीये? आधी मीटरपाशी जाऊन उभे राहा

माझं माहेर चंद्रपूरचं, तुकूममधलं. गच्चीवर गेलं की थर्मल पॉवर स्टेशनच्या चिमण्या समोरच दिसायच्या आणि आई वाळलेले कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची कारण त्यावर राखेचा बारीक थर बसलेला असायचा. उन्हाळ्यात पारा ४६-४७ ला जाऊन टेकायचा. २९२० मेगावॉटचं ते स्टेशन गावाच्या डोक्याशी आणि वरून तसलं ऊन. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा लक्षात आलं की इथे बटण दाबलं की लाइट लागतो आणि तो कुठून येतो हा प्रश्नच कुणाला पडत नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची हाय व्होल्टेज डीसी लाइन आहे, १९९९ पासून चालू आहे, तिकडची वीज इकडे पश्चिमेला आणायला म्हणून टाकलेली. म्हणजे इकडे कुणाचा तरी गिझर दुपारपर्यंत चालू राहिला की तिकडे कोळसा जळतो. ती राख मी स्वतःच्या हाताने झटकलेली आहे म्हणून मला हे सगळं फार जवळचं वाटतं आणि म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितेय.

हिशोब अगदी सरळ आहे. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालवणं. आपल्या देशातली सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि कोळशावरची वीज असेल तर युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. महिन्याला ५० युनिट वाचवले तर वर्षाचे ६०० होतात, म्हणजे ४२० किलो कार्बन डायऑक्साइड, एका घराचा. आणि ५० युनिट वाचवणं अजिबात अवघड नाहीये, आमच्याकडे तर त्याहून जास्त कमी झाले आणि कुणी घामात झोपलं नाही की कुणी थंड पाण्याने आंघोळ केली नाही.

वीज वाचवा म्हटलं की लोक खोलीतला दिवा बंद करतात आणि आपण आपलं काम केलं म्हणतात. दिवा बंद कराच, पण आता घरोघरी ९ वॉटचे एलईडी आहेत, तो बल्ब पाच तास उगाच चालू राहिला तरी ४५ वॉट-तास, आणि तेवढी वीज २००० वॉटचा गिझर दीड मिनिटात खातो. घरात काहीतरी तापवायचं असतं किंवा गार करायचं असतं किंवा एखादी मोटर फिरवायची असते, तिथेच वीज जाते. तर शोध तिथे घ्यायचा. आणि तो अंदाजाने घ्यायचा नाही, मीटरला विचारायचा.

आता मीटर कसा वाचायचा ते सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि हे कळल्यावरच सगळं सुरू झालं. तुमच्या मीटरवर एक छोटा लाल लाइट लुकलुकत असतो. त्याच्या शेजारी इंग्रजीत बारीक अक्षरात ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढे इम्प असं लिहिलेलं असतं. ३२०० लिहिलं असेल तर तो लाइट ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. मग मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० वाल्या मीटरला मिनिटाला एकदा म्हणजे जवळपास १९ वॉट, १६०० वाल्याला त्याच्या दुप्पट. बस, एवढंच गणित. एक पंखा फुल स्पीडवर लावला की मिनिटाला चारेकदा लुकलुकतो, गिझर लावला की शंभराच्या वर जातो, डोळ्यांनी मोजताच येत नाही इतका भराभर. माझ्या मुलाला मी जिन्यात मीटरपाशी उभं केलं आणि आतून गिझरचं बटण दाबलं, तो तिथूनच ओरडला, आई हे बघ काय झालं! त्या दिवसापासून तो आंघोळ झाली की स्वतः जाऊन बटण बंद करतो, मला एकदाही सांगावं लागलं नाही.

पहिली टेस्ट अशी करा. रात्री झोपायच्या आधी घरातलं सगळं बंद करा, पंखे, दिवे, टीव्ही रिमोटने, आणि फ्रिजसुद्धा पाच मिनिटांपुरता. मग मीटरपाशी जा. लाइट लुकलुकायला नको ना? आमच्याकडे मिनिटाला तीनदा लुकलुकत होता. म्हणजे ५६ वॉट, कुणीच काही वापरत नसताना, चोवीस तास. महिन्याचे ४० युनिट! मग एकेक प्लग काढत गेले, नवरा मीटरपाशी उभा, मी आत, दोघं फोनवर. सेटटॉप बॉक्स काढला, थोडा फरक पडला, हा डबा टीव्ही बंद असला तरी दहाएक वॉट खात बसतो आणि महिन्याला सात युनिट नेतो. वायफाय राउटर, मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, साउंडबार, हे सगळं थोडं थोडं. आणि मग इन्व्हर्टरचा प्लग काढला तर लाइट जवळजवळ थांबलाच. बॅटरी पाच वर्षांची, तिच्यात जीवच उरला नव्हता म्हणून ती पूर्ण चार्जच होत नव्हती आणि रात्रंदिवस नुसती वीज ओढत होती, हात लावला तर कोमट लागायची. आम्ही ती एवढी वर्षं हॉलच्या कोपऱ्यात ठेवून तिच्यावर फुलदाणी मांडली होती. बॅटरी बदलली. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर हात लावून बघा, लाइट गेलेला नसताना बॅटरी गरम लागत असेल तर तिला दाखवायची वेळ झालीये. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि साउंडबार एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि झोपताना बोर्डचंच बटण बंद करा, सकाळी बॉक्स चालू व्हायला मिनिटभर लागतो, लागू दे.

आता गिझर. पुण्यात थंडीत टाकीतलं पाणी २० डिग्रीच्या आसपास असतं आणि आंघोळीला आपल्याला ४० पुरतं. २० लिटरची बादली २० डिग्रीने तापवायला अर्धं युनिट लागतं, हे फिजिक्स आहे, कुठल्याही कंपनीचा गिझर आणला तरी यात काही वाचत नाही. वाचतं ते पाणी कमी घेतल्यावर. दहा मिनिटं शॉवर घेतला तर ८०-९० लिटर सहज जातं, म्हणजे दोन युनिट एका माणसाचे. बादली आणि तांब्या ही आपली पद्धत या बाबतीत खरंच फार चांगली आहे आणि ती मुलांना लावावी असं मला मनापासून वाटतं.

मग गिझरच्या थर्मोस्टॅटकडे बघा, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग. खाली एक प्लॅस्टिकचं झाकण असतं, त्यात स्क्रू किंवा नॉब असतो, कंपनीतून तो बऱ्याचदा एकदम वरती लावून येतो. ५५ च्या आसपास आणा. उगाच ७० डिग्रीपर्यंत तापवायचं आणि मग त्यात गार पाणी मिसळायचं यात टाकी जास्त गरम राहते आणि तेवढी उष्णता बाहेर जात राहते. दिवसभर चालू राहिलेला २५ लिटरचा गिझर कुणी पाणी न वापरता पण अर्धं ते एक युनिट नुसतं गरम राहण्यात घालवतो. म्हणून सगळ्यांनी एकामागून एक आंघोळ उरकायची आणि बटण बंद. एक बारीक गोष्ट, बेसिनला एकाच दांडीचा मिक्सर नळ असेल आणि दांडी मधोमध असेल तर हात धुताना पण अर्धं पाणी गिझरमधून येतं, गरम पाणी नळापर्यंत पोचायच्या आत हात धुऊन होतात पण गिझरमध्ये गार पाणी शिरलेलं असतं आणि तो परत तापायला लागतो. दांडी कायम गारच्या बाजूला ठेवायची सवय लावा. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो, वर्षा-दोन वर्षांनी प्लंबरकडून साफ करून घ्या, चंद्रपूरला आमच्याकडे तर तो थर करवंटीसारखा जाड निघायचा.

गॅस गिझर लावलेला असेल तर एक गोष्ट हात जोडून सांगते, तो बाथरूमच्या आत नको, बाहेर मोकळ्या हवेत हवा. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. वीज वाचवायच्या नादात हा धोका कुणी पत्करू नका.

आणि गच्चीवर जाऊन या एकदा. पुण्यातल्या कितीतरी बिल्डिंगांवर सोलर वॉटर हीटर बसवलेले आहेत आणि ते बंद पडून आहेत. आमचाही होता. पाणी कोमटच येतं म्हणून एकेकाने गिझर लावून घेतला आणि तक्रार कुणीच केली नाही, तीन वर्षं तसंच. वर जाऊन पाहिलं तर दोन काचेच्या ट्यूब फुटलेल्या आणि एक व्हॉल्व अर्धा बंद. दुरुस्तीला सगळ्या फ्लॅटमध्ये मिळून जो खर्च आला तो एका माणसाच्या एका महिन्याच्या बिलापेक्षा कमी होता. आता पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर गिझर लागत नाही. सकाळी नळ सोडल्यावर आधी पाइपातलं गार पाणी येतं ते बादलीत धरून ठेवा, फरशीला होतं. पुणे महापालिका असे प्रकल्प चालू असलेल्या मिळकतींना मिळकतकरात सवलतही देते, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा अर्ज केलाय का.

पंख्यांचं गणित बऱ्याच लोकांनी केलेलं नसतं कारण पंखा म्हणजे काय खाणार असं वाटतं. साधा जुना पंखा ७५ वॉटचा, दिवसाला १५ तास चालला तर महिन्याचे जवळपास ३४ युनिट. बीएलडीसी पंखा, म्हणजे नव्या प्रकारच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटच्या आसपास, त्याचे साडेतेरा. एका पंख्यामागे २० युनिट वाचतात. तीन पंखे असतील तर बघा. पण सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी, आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीतला, कारण त्या दिवसभर घरात असतात. त्यांना रिमोटचा पंखा म्हटल्यावर आधी नको वाटला होता, आता रात्री उठावं लागत नाही म्हणून त्याच शेजारी सगळ्यांना सांगतात. भिंतीतला जुना, गरम होणारा मोठा डब्यासारखा रेग्युलेटर अजून असेल तर तो काढाच, त्यात पंख्याचा स्पीड कमी होतो पण उरलेली वीज रेग्युलेटर तापण्यातच जाते.

उन्हाळ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण मी विदर्भातली आहे. घर गार ठेवायचं म्हणजे आधी ऊन आत येऊ द्यायचं नाही. लोक आतून जाड पडदे लावतात, पण तोपर्यंत ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. बांबूची चिक, हिरवी नेट, जुनी चादर, काहीही, पण बाहेरून. पश्चिमेची खिडकी आधी. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद, संध्याकाळी बाहेर गार झालं की सगळ्या उघड्या, चंद्रपूरला ही शिस्त घराघरात पाळली जाते आणि पुण्यात मात्र मी भर दुपारी सताड उघड्या खिडक्या बघते, बाहेर ४० डिग्री असताना.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबला चुना मारा. मार्चमध्ये, होळीच्या आसपास. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा फेविकॉल घालायचा म्हणजे पायाला लागत नाही आणि ब्रशने दोन हात, दुसरा हात पहिला वाळल्यावर. आमच्या चंद्रपूरच्या घरी बाबा दरवर्षी मारायचे. दुपारी दोन वाजता चुना मारलेल्या भागावर अनवाणी उभं राहता येतं आणि शेजारच्या काळ्या स्लॅबवर पाय टेकवत नाही, हे मी लहानपणी खेळ म्हणून करून बघायचे. खाली झोपताना पंख्याची हवा गरम येत नाही, एवढा फरक पडतो. पावसाळ्यात बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी करायचं.

कूलर की एसी? विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर, जिथे हवा कोरडी तिथे कूलर, बिनधास्त. दीडशे-दोनशे वॉटमध्ये अख्खी खोली गार होते, दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट घेतो. फक्त कूलर बंद खोलीत चालवू नका, त्याच्या समोरची खिडकी थोडी उघडी हवी, आत आलेली ओली हवा बाहेर जायला पाहिजे, नाहीतर तासाभरात चिकचिक होते आणि लोक म्हणतात कूलर काम करत नाही. वाळ्याचे किंवा गवताचे पॅड दरवर्षी बदला. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे मात्र कूलरच्या भानगडीत पडू नका, हवेतच इतका ओलावा आहे की पाणी उडतच नाही, नुसता दमटपणा वाढतो.

एसी असेल तर तो २६ वर ठेवून सोबत पंखा स्लो लावा. एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज कमी लागते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही केंद्र सरकारची वीज बचतीची संस्था सांगते, २०२० पासून आपल्याकडे विकले जाणारे एसी चालू करताना २४ वरच चालू होतात ते याच कारणासाठी. २० वरून २५ ला आलात तर एसीच्या विजेतला पाव हिस्सा तरी वाचतो. २० ला लावलं की लवकर गार होतं हा गैरसमज आहे, साधा एसी सेटिंग काहीही असलं तरी त्याच जोराने गार करतो, फक्त थांबतो उशिरा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. दाराखालच्या फटीला पायपुसणं लावा.

आणि एसीच्या गॅसबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलते. एसीतला गॅस संपत नसतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर माणूस येतो, गॅस कमी झालाय म्हणतो, भरून पैसे घेऊन जातो. कमी झाला म्हणजे कुठून तरी लीक झाला, आणि हवेत गेलेला एक किलो आर-३२ गॅस (हल्लीच्या बऱ्याच एसींत हाच असतो) हा १०० वर्षांच्या हिशोबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो, जुन्या एसीतला आर-२२ तर १८१० किलोइतका. तुम्ही वर्षभर दिवे बंद करून जे वाचवलं ते एका लीकमध्ये गेलं. म्हणून माणसाला सांगा, आधी साबणाचं पाणी लावून लीक शोध, जॉइंट नीट कर आणि मगच गॅस भर. जुना एसी किंवा फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्याची नळी कापून गॅस हवेत सोडून देतो. अधिकृत ई-वेस्टवाल्याकडे द्या किंवा नवीन घेताना दुकानदाराकडे एक्स्चेंजमध्ये.

फ्रिजचं थोडक्यात. मागे भिंतीपासून वीतभर जागा, गॅसच्या शेजारी नको, दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, नोट सहज निघाली तर रबर गेलंय, ते बदलून मिळतं, त्यासाठी नवा फ्रिज लागत नाही. सिंगल डोअर असेल तर बर्फ साचू देऊ नका. गरम भांडं आत ठेवू नका. थंडीत सेटिंग कमी करा, हे जवळजवळ कुणीच करत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे वीज नाही पण गॅस जळतो, १४.२ किलोचा सिलेंडर पूर्ण जळला की ४२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. सिलेंडर आठवडाभर जास्त पुरवायचा असेल तर अशा गोष्टी करा: डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवा, राजमा-छोले रात्रभर, कुकर लावताना वरण, भात आणि बटाटे एकदम तीन डब्यांत, शिट्टी व्हायला लागली की गॅस एकदम बारीक, कारण पाणी एकदा उकळलं की मोठ्या आचेवर ते जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जास्त होते. भाजीवर झाकण आणि झाकणावर पाणी ही आपली जुनी पद्धत आहेच. दूध, कणीक फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. ज्योत भांड्याच्या बाहेर आली की ती ओट्यालाच तापवते. ज्योत पिवळी असेल आणि भांडी काळी होत असतील तर बर्नर पिनने साफ करा, निळी ज्योत पाहिजे.

माझी आजी कुकर नसताना भात अर्धाकच्चा शिजला की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवायची. मी हे आता कुकरवर करते. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची खिचडी, एक शिट्टी, गॅस बंद, कुकर जाड टॉवेलात आणि वरून गोधडी, अर्ध्या-पाऊण तासाने उघडते तर वाफ डोळ्यावर येते आणि खिचडी मऊसूत. फक्त तासाभरात खायला घ्या, दिवसभर तशी ठेवू नका.

इंडक्शन घ्यावं का असं मला बऱ्याच मैत्रिणी विचारतात. माझं प्रामाणिक मत असं की फक्त हवामानासाठी म्हणून घेत असाल तर गच्चीवर सोलर असेपर्यंत थांबा. इंडक्शन स्वतः उत्तम आहे, गॅसपेक्षा फार कमी उष्णता वाया जाते, पण आपली वीज अजून बहुतांश कोळशाची आहे त्यामुळे तेवढाच स्वयंपाक केला तर आज तरी गॅसपेक्षा इंडक्शनचा कार्बन जास्त पडतो. सोलर असेल आणि दुपारी स्वयंपाक होत असेल तर मात्र आजच घ्या.

पाण्याची मोटर विसरू नका. ५ एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॉट, आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत असते तेव्हा वॉचमन खाली झोपलेला असतो, त्याचा काय दोष, त्याला वरचं दिसत नाही. टाकीत फ्लोट स्विच बसवून घ्या, लेव्हल भरली की मोटर आपोआप बंद. आणि घरातला गळका नळ हा विजेचाही प्रश्न आहे कारण ते पाणी कुणीतरी सातव्या मजल्यापर्यंत चढवलेलं असतं. वॉशिंग मशीन गार पाण्यावर आणि पूर्ण भरल्यावर लावा, गरम सेटिंगला बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. इस्त्री आठवड्याचे कपडे एकदम.

वीज कधी वापरता यानेही फरक पडतो. दुपारी ग्रिडमध्ये, म्हणजे घरोघरी वीज पोचवणाऱ्या जाळ्यात, सोलरची वीज भरपूर असते, ऊन उतरलं की ती जाते आणि सगळीकडे एकदम दिवे, टीव्ही, एसी लागतात, तेव्हा कोयनेचे टर्बाइन सोडावे लागतात आणि कोळशाचे प्लांट जोरात चालवावे लागतात. म्हणून वॉशिंग मशीन, इस्त्री, मोटर, मिक्सरवरचं वाटण हे दुपारी उरका. महावितरणचा टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते वेगळं मोजणारा) मीटर बसलेला असेल तर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटला सवलतही आहे, बिलावर वेगळी ओळ दिसते.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, सोलर पॅनेलचा विचार करा, कारण वापर कमी झाला की लहान सिस्टिम पुरते. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० अनुदान आहे. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या, लिफ्ट, मोटर आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० मिळतात. चंद्रपूरच्या घरी आता चुन्याच्या जागी दोन किलोवॉटचे पॅनेल आहेत. बाबा दर रविवारी पहाटे ऊन यायच्या आत त्याच्यावरची राख ओल्या फडक्याने पुसतात, नाही पुसली तर युनिट कमी पडतात असं त्यांनी वहीत लिहून काढलंय.

बिलाचं एक सांगते. घरगुती बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात आणि वरच्या टप्प्याचा दर जास्त असतो. तुम्ही वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातले असतात. ३२० वरून २९० वर आलात तर बिलातला फरक ३० युनिटच्या मानाने जास्त दिसेल, दचकू नका.

दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहा. मीटरचा डिस्प्ले आपोआप बदलत राहतो, तारीख, वेळ, बाकी आकडे येतात, ज्याच्यापुढे केडब्ल्यूएच (किलोवॉट-तास, म्हणजेच युनिट) दिसतं तोच आकडा. तुलना करताना मे महिना गेल्या मे महिन्याशी करा, जानेवारीशी नको, नाहीतर एवढं करूनही युनिट वाढले म्हणून घरातले नाराज होतात. जुनी बिलं टाकून दिली असतील तर महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की मागच्या महिन्यांचे युनिट दिसतात. आधी ते बारा आकडे एका कागदावर उतरवा, फ्रिजच्या दाराला लावा, आणि आज रात्री झोपायच्या आधी ती सगळं बंद करून मीटर बघायची टेस्ट करा. मिनिटाला किती वेळा लुकलुकला ते त्याच कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवा.